पदवीनंतरची प्रवेशपरीक्षा आणि डेपोंतील ओंडका

आलापल्लीच्या चौकांत उभें राहिलें म्हणजे एक वाट अहेरीकडे, एक भामरागडाकडे, एक सिरोंच्याकडे आणि एक आष्टीवरून चंद्रपुराकडे गेलेली दिसते. आमच्या गांवांतील मुलांमुलींनीं बी. एस्सी. ची परीक्षा दिली कीं त्यांच्याही पुढें अशाच वाटा फुटतात, आणि त्यांपैकीं कोणती धरावी हें सांगणारा पाटीचा दगड तेथें कोणीं रोंवलेला नसतो. गेल्या पावसाळ्यांत एक पालक आमच्याकडे आले. त्यांचें सारें आयुष्य लांकडाच्या डेपोंत ओंडके मोजण्यांत गेलेलें. मुलगी गणित घेऊन बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षास आहे, तिला एम. एस्सी. करावयाची आहे, आणि तीही मोठ्या नामांकित संस्थेंत. शहरांतील एका शिकवणी-वर्गाचें पत्रक त्यांच्या हातांत होतें. ते म्हणाले, "गुरुजी, भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढली तर फी भरतां येईल. पण धाकट्याचें शिक्षण अजून व्हावयाचें आहे. काढूं का?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर आम्हीं येथें सविस्तर लिहावयाचें योजिलें आहे. शाळेंतील वाचकांस वाटेल कीं, पदवीनंतरच्या परीक्षेशीं आठवी-नववीच्या मुलांचा काय संबंध? तो आहे, व तो कोठें आहे हें पुढें दिसेल.

प्रथम थोडी माहिती. आपला गडचिरोली जिल्हा 1982 सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतून निराळा झाला. 2011 सालीं या दोन जिल्ह्यांकरितां गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें. त्यापूर्वीं येथील महाविद्यालयें नागपूर विद्यापीठाकडे होतीं. घराजवळच्या विद्यापीठांत एम. एस्सी. करणें हें कमीपणाचें मुळींच नाहीं, व ज्यांना घर सोडतां येत नाहीं त्यांनीं तें अवश्य करावें. परंतु ज्यांना मुंबई, खरगपूर किंवा कानपूर येथील आय. आय. टी. मध्यें शिकण्याची इच्छा आहे, त्यांना 'जॅम' या नांवाची संयुक्त प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ही 2004 सालापासून होत आली आहे. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, गणिती संख्याशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान व अर्थशास्त्र असे सात विषय तींत आहेत. अर्ज साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरांत भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होते. बनारस इत्यादि केंद्रीय विद्यापीठांकरितां 2022 पासून 'सी. यू. ई. टी.-पी. जी.' ही दुसरी परीक्षा सुरू झाली आहे. दोन्ही परीक्षा संगणकावर द्यावयाच्या असतात. नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात, सबब ज्या वर्षीं परीक्षा द्यावयाची त्या वर्षाचें माहितीपत्रक स्वतः वाचावें. मित्रानें सांगितलेल्यावर विसंबूं नये.

आतां त्या पालकांची गोष्ट. आम्हीं त्यांना लगेच हो किंवा नाहीं असें कांहींच म्हटलें नाहीं. "रविवारीं मुलीला घेऊन डेपोंत या," एवढेंच सांगितलें.

आलापल्लीचा साग सर्वत्र प्रसिद्ध आहे. येथील जंगलांतील सहा हेक्टरांचा एक जुना भाग, ज्याला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात, तो 2014 सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. चंद्रपूर-गडचिरोलीकडील सागवानाला केवढा मान आहे हें 2023 सालीं अयोध्येच्या मंदिराच्या दारांकरितां बल्लारपुराहून लांकूड रवाना झालें, तेव्हां सर्वांनीं पाहिलें. परंतु आम्ही डेपोंत गेलों तें ही थोरवी सांगण्याकरितां नव्हे. तेथें ओंडका मोजण्याची जी रीति आहे ती आम्हांला त्या मुलीपुढें ठेवावयाची होती.

रीति अशी. ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळून घेर मोजावा, घेराचा चौथा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा व लांबीनें गुणावें; आलें घनफळ. समजा, ओंडका 6 मीटर लांब आहे व मध्यावरचा घेर 120 सेंटिमीटर भरला. चौथा हिस्सा 30 सेंटिमीटर, म्हणजे 0.3 मीटर; वर्ग 0.09, लांबीनें गुणतां 0.54 घनमीटर. एडवर्ड हॉपस नांवाच्या इंग्रज मोजणीदारानें 1736 सालीं या रीतीचीं कोष्टकें छापलीं, आणि आपल्या देशांतील लांकडाच्या व्यवहारांत ही रीति फार दिवसांपासून रूढ आहे. मुलीच्या वडिलांनीं हा हिशेब हजारों वेळां केलेला. कागद-पेन्सिलीवांचून त्यांनीं उत्तर सांगितलें.

आम्हीं मुलीला विचारलें, "हें खरें घनफळ आहे का?"

ती थबकली. तिनें तीन वर्षें गणित शिकलें होतें, पुष्कळ प्रमेयें तोंडपाठ होतीं. परंतु रोज बापाच्या हातांत असलेल्या फितीकडे तिनें गणित म्हणून कधीं पाहिलें नव्हतें. मग जमिनीवर काडीनें तिनें लिहावयास सुरुवात केली. घेर जर घ, तर त्रिज्या घ भागिलें दोन पाय. वर्तुळाचें क्षेत्रफळ घ वर्ग भागिलें चार पाय. डेपोच्या रीतीनें मात्र घ वर्ग भागिलें सोळा. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें तर उरतें पाय भागिलें चार, म्हणजे 0.785. तात्पर्य, आपला 0.54 घनमीटरचा ओंडका वास्तविक सुमारें 0.69 घनमीटर आहे, आणि ही रीति शेंकडा एकवीस-साडेएकवीस इतकें लांकूड हिशेबांतून सोडून देते. गोल ओंडक्याचे चौकोनी नग पाडतांना सालीपासून कडेचा भाग वायां जातो, तेव्हां ही सूट बाजूला ठेवल्याप्रमाणें व्यवहाराला सोयीची पडते. वडील हंसून म्हणाले, "सूट आहे हें ठाऊक होतें, पण ती किती व कां, हें आज समजलें."

वाचकहो, वर्तुळाचें क्षेत्रफळ व परीघ एवढ्यावरच हें सारें झालें. नववीच्या मुलालाही हें करतां यावें. आम्हीं वर जो संबंध म्हटला तो हाच.

आतां थोडें पुढें जाऊं. ओंडका बुडाशीं जाड व शेंड्याकडे निमुळता असतो. मग घनफळ काढावयाचें कसें? वनशास्त्रांत तीन सूत्रें आहेत. ह्यूबरचें सूत्र सांगतें, मध्यावरचें क्षेत्रफळ घ्या व लांबीनें गुणा. स्मॅलियनचें सूत्र सांगतें, दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घ्या व लांबीनें गुणा. न्यूटनच्या नांवानें चालणारें तिसरें सूत्र सांगतें, दोन्ही टोकांचीं क्षेत्रफळें व मधल्याची चौपट यांची बेरीज करून सहानें भागा, मग लांबीनें गुणा. यांतील खरें कोणतें, हें पाहण्यासाठीं आपणांस ज्याचें घनफळ निश्चित ठाऊक आहे असा आकार घ्यावा. पूर्ण शंकु घेऊं: उंची 6 मीटर, तळाचें क्षेत्रफळ 0.12 चौरस मीटर. खरें घनफळ तळ गुणिलें उंची भागिलें तीन, म्हणजे 0.24. मध्यावर त्रिज्या निम्मी, म्हणून क्षेत्रफळ पाव, म्हणजे 0.03. ह्यूबर सांगतो 0.18. स्मॅलियन सांगतो 0.36. एक पाव हिश्शानें कमी, दुसरा निम्म्यानें अधिक! न्यूटनचें सूत्र सांगतें: 0.12 आणि 0.12 आणि शून्य, बेरीज 0.24, सहानें भागून सहानें गुणिलें, 0.24. अगदीं बरोबर.

येथें मुलीचे डोळे चमकले. "हा तर सिम्प्सनचा नियम!" ती म्हणाली. खरेंच तो सिम्प्सनचा नियम आहे, आणि तिनें तो पदवीच्या दुसऱ्या वर्षीं घोकून उत्तरपत्रिकेंत उतरविला होता. तो त्रिघाती बहुपदीपर्यंत बिनचूक उत्तर देतो. शंकूच्या छेदाचें क्षेत्रफळ टोकापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणें वाढतें, म्हणजे द्विघातीच. म्हणून शंकु, शंकुछेद, दंडगोल यांना तो तंतोतंत लागू पडतो. दहावीच्या भूमितींतील शंकुछेदाचें सूत्र आठवत नसेल तर ह्यावरून तें पुन्हां बांधून काढतां येतें.

परीक्षेंत ओंडक्याचाच प्रश्न येईल असें आमचें म्हणणें नाहीं. जॅमच्या गणितांत वास्तव विश्लेषण, अनेक चलांचें कलन, विकलक समीकरणें, रेषीय बीजगणित, गट-सिद्धान्त असे विषय आहेत. परंतु ह्या परीक्षेंत पाठांतरास फारच थोडी जागा आहे. "हें सूत्र केव्हां खरें, केव्हां खोटें, आणि खोटें ठरेल असा सर्वांत साधा आकार कोणता?" हा प्रश्न तेथें नानाविध वेष घेऊन येतो. एखादें विधान पुढें आलें कीं शून्य, एक, शंकु, दंडगोल अशा ओळखीच्या उदाहरणांवर तें घांसून पाहण्याची संवय ज्याला आहे, त्याला निम्मी परीक्षा सोपी जाते. ही संवय शिकवणी-वर्गांत विकत मिळते असें आम्हांस वाटत नाहीं. वर्ग वाईट असतात असें नाहीं. वेळापत्रक, सराव-चांचण्या व बरोबरीचे सोबती तेथें मिळतात, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पण पाया कच्चा असतां तेथें ओतलेला पैसा वाळूंत पाणी ओतल्यासारखा होतो.

आतां गुण देण्याच्या रीतीविषयीं. कारण येथें हुशार मुलें फसतात. जॅमची प्रश्नपत्रिका तीन तासांची, 60 प्रश्नांची व 100 गुणांची असते. पहिल्या भागांत 30 प्रश्न, प्रत्येकीं चार पर्याय व एकच बरोबर. त्यांतील 10 एकेका गुणाचे व 20 दोन-दोन गुणांचे. चुकलें तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा. दुसऱ्या भागांत दोन गुणांचे 10 प्रश्न, ज्यांत एक किंवा अधिक पर्याय बरोबर असूं शकतात. तिसऱ्या भागांत 20 प्रश्न, ज्यांत पर्यायच नाहींत. उत्तराची संख्या टंकित करावयाची. दुसऱ्या व तिसऱ्या भागांत चुकीबद्दल वजावट नाहीं.

समजा, पहिल्या भागांतील एक-गुणी प्रश्नावर तुम्हीं अगदीं डोळे मिटून खूण केली. असे बारा प्रश्न केले तर सरासरीनें तीन बरोबर येतील व नऊ चुकतील, मिळाले तीन, गेले नऊ तृतीयांश म्हणजे तीन, हातीं शून्य. म्हणजे आंधळ्या अंदाजानें ना नफा ना तोटा. परंतु चारांपैकीं एक पर्याय खात्रीनें खोटा आहे एवढें जरी कळलें, तरी उरलेल्या तिहींत अंदाज केल्यास सरासरीनें दर प्रश्नास एक नवमांश गुण पदरांत पडतो. दोन पर्याय कटले तर एक तृतीयांश. तेव्हां "शंका आहे म्हणून सोडला" हें धोरण या ठिकाणीं शहाणपणाचें नाहीं. सी. यू. ई. टी. मध्यें बरोबर उत्तरास चार गुण व चुकीस एक वजा; तेथें चार पर्यायांत आंधळा अंदाज केला तरी सरासरी पाव गुण अधिकच येतो. अर्थात् सरासरी ही पुष्कळ प्रश्नांवर खरी ठरते, दोन-चार प्रश्नांवर नव्हे; म्हणून अंदाजावर भिस्त ठेवून कोणीं अभ्यास सोडूं नये.

दुसऱ्या भागाचें गणित वेगळें. चार पर्यायांपैकीं निदान एक बरोबर एवढेंच ठाऊक असेल तर उत्तराच्या पंधरा शक्यता होतात, आणि अर्धवट बरोबरीला गुण नाहींत. येथें अंदाज फळत नाहीं, पण वजावटही नाहीं. तेव्हां कोरें सोडण्यांत कांहींच लाभ नाहीं. आमच्या माहितींतील एका विद्यार्थ्यानें वजावटीच्या भीतीनें दुसऱ्या व तिसऱ्या भागांतील आठ प्रश्न कोरे टाकले. त्यानें माहितीपत्रक वाचलेंच नव्हतें. आठांपैकीं तिहींचीं उत्तरें कच्च्या कागदावर बरोबर निघालेलीं होतीं!

भाषेची अडचण मात्र खरी आहे, आणि ती आम्ही लपवीत नाहीं. जॅमची प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजींत असते. आमच्या शाळेंत गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली बोलणाऱ्या घरांतील मुलें आहेत. त्यांना मराठी हीच दुसरी भाषा, मग इंग्रजी तिसरी. अनुभव असा कीं, अवघड पारिभाषिक शब्द त्यांना अडवीत नाहींत; ते पुस्तकांत शंभरदां आलेले असतात. अडवितात ते 'अ‍ॅट मोस्ट', 'अ‍ॅट लीस्ट', 'नेसेसरिली', 'ओन्ली इफ' असे लहान लहान शब्द. 'जास्तीत जास्त दोन' व 'निदान दोन' यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. उपाय हा कीं, जुन्या प्रश्नपत्रिकेंतील रोज पांच प्रश्न घेऊन, ते न सोडवितां, नुसते आपल्या घरच्या भाषेंत मोठ्यानें सांगावेत. आईला सांगावेत. तिला गणित कळावयास नको, "म्हणजे दोनच कीं दोनांहून कमीही चालतील?" एवढें तिनें विचारलें तरी पुरे.

जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. आय. आय. टी. च्या प्राध्यापकांचीं व्याख्यानें 'एन. पी. टी. ई. एल.' वर फुकट आहेत. जेथें मोबाईलला जाळें नीट मिळत नाहीं अशा आंतल्या गांवच्या मुलांनीं आलापल्लीस किंवा अहेरीस आल्या दिवशीं आठवड्याचीं व्याख्यानें उतरवून घ्यावींत. प्रश्नपत्रिका छापून घेणें उत्तम. मात्र संगणकावर वाचण्याचा व उंदीर फिरविण्याचा सराव हवाच. ज्यानें तीन तास पडद्याकडे पाहून कधीं काम केलेलें नाहीं, त्याचे पहिले वीस मिनिटें तेथेंच जातात. महिन्यांतून दोनदां तरी शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी. आणि मग चुकांची वही. प्रत्येक चुकीपुढें कारण लिहावें: विषय कळला नव्हता, शब्द चुकीचा वाचला, कीं बेरीज चुकली? तीन महिन्यांनीं ती वही पाहिली कीं आपलें खरें दुखणें कोणतें तें दिसूं लागतें. त्या मुलीच्या वहींत निम्म्याहून अधिक चुका वाचण्याच्या निघाल्या. शिकवणी-वर्गानें तें दुखणें बरें केलें असतें कीं काय, देव जाणे.

पालकांस दोन गोष्टी सांगणें अगत्याचें आहे. पहिली कागदपत्रांची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, इतर मागासवर्गीयांकरितां उन्नत व प्रगत गटांत नसल्याचें प्रमाणपत्र, हीं सारीं अर्जाच्या आधीं हातीं असावींत. केंद्रीय परीक्षांना शेवटचें प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यांतच लागतें, राज्याच्या नमुन्यांतील चालत नाहीं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें परीक्षा चांगली दिली. पण प्रमाणपत्र निराळ्या नमुन्यांतील निघालें आणि मुदत टळली. एक वर्ष गेलें. मोलमजुरी करणाऱ्या घराला एक वर्ष म्हणजे काय, हें शहरांतील लोकांस सांगून कळावयाचें नाहीं. मुलींना तसेंच अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग उमेदवारांना परीक्षेच्या फींत सवलत असते, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तिही आहे. त्यांची चौकशी आधींच करावी. दुसरी गोष्ट प्रवासाची. नागपूर येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. परीक्षेच्या दिवशीं पहाटेच्या एस. टी. वर विसंबूं नये. आदल्या दिवशीं मुक्कामाला जावें.

"इतकें शिकून मुलगी परत येणार का?" असाही प्रश्न त्या पालकांनीं हळूच विचारला. याचें उत्तर आम्ही देऊं शकत नाहीं. परंतु जे येतात तेही आपल्या जिल्ह्यानें पाहिले आहेत. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत 1984 सालीं सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि 1986 सालीं गडचिरोलींत येऊन 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यांतील बायांना शिकवून घरच्या घरीं नवजात बालकांची शुश्रूषा कशी करतां येते, यावरचा त्यांचा निबंध 1999 सालीं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकांत छापला गेला. तेथेंही मूळ काम मोजण्याचेंच होतें: किती बालकें जन्मलीं, किती दगावलीं, केव्हां व कशानें. तें आधीं कोणीं नीट मोजलेलें नव्हतें.

त्या पालकांनीं निधीची रक्कम अजून काढलेली नाहीं. मुलगी पहाटे दोन तास व रात्रीं दोन तास अभ्यास करते, आणि दर रविवारीं आमच्याकडे चुकांची वही घेऊन येते. येत्या फेब्रुवारींत ती परीक्षेस बसेल. जानेवारीअखेर सराव-प्रश्नपत्रिकांत प्रगति थांबली असें दिसलें, तर पुढच्या वर्षाकरितां शिकवणीचा विचार पुन्हां करावयाचा, असें तिघांनीं मिळून ठरविलें आहे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकरितां एक ओंडका ठेवून जातों. लांबी 4 मीटर. बुडाचा घेर 160 सेंटिमीटर, मध्यावरचा 120, शेंड्याचा 80. डेपोच्या रीतीनें, ह्यूबरच्या, स्मॅलियनच्या व न्यूटनच्या सूत्रानें चार घनफळें काढावींत. मग दहावीच्या शंकुछेदाच्या सूत्रानें पांचवें काढून कोणतें त्याच्याशीं जुळतें तें पाहावें. शिवाय मधला घेर मोजतांना फीत एका सेंटिमीटरनें ढिली राहिली, तर डेपोच्या हिशेबांत किती लांकडाचा फरक पडेल तेंही सांगावें. उत्तरें सोमवारच्या तासाला आणावींत, कृतीसह.